क्लेम रिजेक्ट झाला? आधी विचारा, कोणत्या कलमाखाली?



पंचवटीतल्या एक ताई आमच्या बॅचला होत्या. घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचं काम करतात: लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, ऑनलाइन फॉर्म, मुलांचे शाळेचे प्रोजेक्ट. एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि संध्याकाळी दोन तास मदतीला येणारी कॉलेजची मुलगी, एवढाच पसारा. लॅपटॉप ५८,००० चा. दुकानातल्या मुलाने "मॅडम, सगळं कव्हर होतं" असं म्हणत त्यासोबत ४,९९९ रुपयांचा दोन वर्षांचा प्रोटेक्शन प्लॅन गळ्यात मारला.

ऐन मे महिन्यात, लग्नसराई चालू असताना, चार्जरच्या वायरीत पाय अडकून लॅपटॉप टेबलावरून खाली आला. स्क्रीन गेली. ताईंनी त्याच दिवशी क्लेम टाकला. १२ दिवसांनी एसएमएस आला, "अटी व शर्तींनुसार आपला क्लेम नामंजूर करण्यात आला आहे." कस्टमर केअरला फोन केला तर पहिला म्हणाला, "फिजिकल डॅमेज आहे." दुसऱ्या दिवशी फोन केला तर दुसरी म्हणाली, "तुमचा बिझनेस युज आहे." सर्व्हिस सेंटरने स्क्रीनचा खर्च सांगितला १६,५००.

ताई मला म्हणाल्या, "जाऊ द्या सर, एवढ्या मोठ्या कंपनीशी कोण भांडणार? माझ्या दोन ऑर्डरी आधीच दुसऱ्याकडे गेल्यात."

मी एकच विचारलं, "ताई, क्लेम कोणत्या कलमाखाली नाकारलाय?" त्यांना माहीत नव्हतं, कारण कंपनीने सांगितलंच नव्हतं. आणि सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. "अटी व शर्तींनुसार" हे कारण नाही. ते कारण न सांगण्याची पद्धत आहे.

हातात नेमकं काय आहे ते आधी बघा

प्रोटेक्शन प्लॅन या एकाच नावाखाली दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे एक्स्टेंडेड वॉरंटी. कंपनीची मूळ वॉरंटी संपली की ही सुरू होते, आणि त्यात वस्तूच्या आतला दोष तेवढा धरतात. पडणं, फुटणं, पाणी सांडणं यात नसतं. दुसरा प्रकार अपघाती नुकसानीचा, म्हणजे ॲक्सिडेंटल डॅमेज. यात पडलेली, भिजलेली वस्तू येते, पण मशीन आपोआप बंद पडलं तर ते बहुतेक वेळा येत नाही. काही प्लॅनमध्ये दोन्ही असतं.

आता ताईंचं बघा. "फिजिकल डॅमेज" या कारणाने एक्स्टेंडेड वॉरंटीचा क्लेम नाकारला असता तर ते बरोबर होतं, मी त्यांना भांडा म्हटलंच नसतं. पण त्यांचा प्लॅन अपघाती नुकसानीचा होता. पडून फुटलेल्या वस्तूसाठीच पैसे घेतलेत, आणि पडून फुटली म्हणून क्लेम नाही, हे कसं चालेल?

दुसरी गोष्ट, प्लॅन देणारा कोण? दुकानदार, लॅपटॉपची कंपनी, मधली प्लॅन चालवणारी कंपनी, की विमा कंपनी? प्लॅनची पीडीएफ उघडा (व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर आलेली असते, आपण उघडत नाही एवढंच) आणि शेवटच्या पानापर्यंत जा. कुठेतरी बारीक अक्षरात विमा कंपनीचं नाव आणि मास्टर पॉलिसीचा नंबर दिसला, तर तो प्लॅन विम्यावर उभा आहे. विमा असेल तर तुमच्यासाठी एक जास्तीचा दरवाजा उघडतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

आणि हे वाचताना स्वतःशी प्रामाणिक राहा. बॅटरी, चार्जर, केबल यांसारख्या गोष्टी बऱ्याच प्लॅनमधून वगळलेल्या असतात. घेतल्यानंतरचे पहिले काही दिवस कव्हर नसतं. घटना घडल्यावर किती तासांत कळवायचं, हे लिहिलेलं असतं. बाहेरच्या माणसाकडून उघडून घेतलं तर प्लॅन गेला, ही अट तर जवळपास सगळीकडे. तुमचं प्रकरण खरंच अशा स्पष्ट अटीत बसत असेल तर वेळ घालवू नका. आपल्या धंद्यात एक दिवसाचीही किंमत असते.

कारण लेखी मागा, फोनवर नाही

फोनवर बोललेलं हवेत जातं. ताईंना मी त्याच रात्री मेल करायला लावला. कस्टमर केअरच्या पत्त्यावर, आणि कॉपीमध्ये तक्रार निवारण अधिकाऱ्याला, ज्यांचं नाव-पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर सापडतो. मजकूर साधारण असा होता, तुम्ही आपापल्या प्रकरणाप्रमाणे बदलून घ्या:

"माझा क्लेम क्रमांक ____, प्लॅन क्रमांक ____, लॅपटॉपचा सिरीयल नंबर ____. दिनांक ____ रोजी अपघाताने पडून स्क्रीनचे नुकसान झाले व त्याच दिवशी मी क्लेम नोंदवला. दिनांक ____ च्या एसएमएसने क्लेम नामंजूर केल्याचे कळवले, पण कारण दिलेले नाही. फोनवर दोन वेगवेगळी कारणे सांगितली गेली. कृपया (१) प्लॅनच्या कोणत्या कलमाखाली क्लेम नाकारला ते लेखी कळवावे, (२) तपासणी अहवाल व फोटो पाठवावेत, (३) प्लॅन विकताना मला दिलेल्या अटींची प्रत पाठवावी, (४) क्लेमचा फेरविचार करावा. १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

शिवीगाळ नाही, "तुम्ही चोर आहात" नाही, सोशल मीडियाची धमकी नाही. हा मेल उद्या आयोगापुढे वाचला जाऊ शकतो, असं समजून लिहायचा.

लेखी कारणावर मी एवढा जोर का देतोय? विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या प्रकरणात सांगितलंय की नकारपत्रात जे कारण दिलं नव्हतं, ते विमा कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. त्या प्रकरणात कंपनीने नकारपत्रात उशिराचा मुद्दा काढलाच नव्हता आणि नंतर तोच धरून बसली होती. म्हणजे एकदा कारण कागदावर आलं की समोरचा त्याला बांधला जातो. आज "फिजिकल डॅमेज", उद्या "बिझनेस युज", परवा "उशिरा कळवलं" ही पळापळ थांबते.

त्याच वर्षीचा आणखी एक निकाल दुकानदारांनी लक्षात ठेवावा असा आहे. भारत वॉच कंपनी, म्हणजे घड्याळांचा व्यापार करणारी एक फर्म. चोरी झाली, विमा कंपनीने अपवादाच्या कलमावर बोट ठेवलं. फर्मचं म्हणणं एवढंच की ही कलमं आम्हाला कधी दिलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने फर्मचं म्हणणं मान्य केलं: जी अपवादाची अट ग्राहकाला कळवलीच नाही, ती त्याच्यावर लादता येत नाही. म्हणून वरच्या मेलमधला तिसरा मुद्दा. प्लॅन विम्याचा नसेल तर हे निकाल जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण अट लपवून नंतर दाखवणं हा मुद्दा आयोगापुढे तिथेही मांडता येतो.

"बिझनेस युज" हे दोन वेगळे प्रश्न आहेत

हा भाग नीट वाचा, कारण आपल्यासारख्या छोट्या उद्योजकांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

पहिला प्रश्न कराराचा. प्लॅनच्या कागदात "व्यावसायिक वापर चालणार नाही" असं लिहिलंय का? नेमके शब्द काय आहेत? लिहिलेलं असेल आणि विकताना तुम्हाला दिलेलं असेल, तर तुमची बाजू कमकुवत आहे. (म्हणून पुढच्या वेळी मशीन घेताना काउंटरवरच विचारा, "मी यावर धंदा करणार आहे, चालेल ना?" आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.)

दुसरा प्रश्न कायद्याचा. धंद्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहक आयोगात जाऊच शकत नाही, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. हे अर्धसत्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या ग्राहकाच्या व्याख्येत व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळली आहे, हे खरं. पण त्याच व्याख्येखालचं स्पष्टीकरण म्हणतं की स्वयंरोजगारातून केवळ स्वतःचा उदरनिर्वाह चालवण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू म्हणजे व्यापारी हेतू नव्हे.

ही रेषा कुठे पडते, हे ठरवणारा जुना आणि अजूनही सांगितला जाणारा निकाल आपल्या महाराष्ट्रातल्याच एका लघुउद्योगाच्या प्रकरणात आला. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट, सर्वोच्च न्यायालय, १९९५. या उद्योगाने कोइम्बतूरच्या संस्थेकडून सीएनसी टर्निंग मशीन घेतलं. मशीन उशिरा आलं, त्यात दोष निघाले. महाराष्ट्र राज्य आयोगाने उद्योगाच्या बाजूने निकाल दिला, राष्ट्रीय आयोगाने तो फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयातही उद्योग हरला. मशीनचं स्वरूप बघता ते स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेलं नाही, असं न्यायालयाला दिसलं.

पण हरलेल्या या केसमधूनच आपल्या कामाची गोष्ट मिळाली. न्यायालयाने उदाहरणं दिली: स्वतः चालवण्यासाठी ऑटोरिक्षा घेणारा ग्राहक आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी लेथ मशीन घेणारा ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसं ठेवली म्हणून तो ग्राहक राहत नाही असं नाही. पण वस्तू घेतली आणि चालवायला सगळी दुसरी माणसं ठेवली, तर चित्र बदलतं.

आता आपल्या ताई या मापात टाकून बघा. एक लॅपटॉप, स्वतः बसून काम, मदतीला एक मुलगी. त्या ग्राहक आहेत. अंबडला वीस संगणक लावून डिझाइनचं ऑफिस चालवणारा मात्र बहुधा नाही.

शिवाय व्यापारी हेतू होता हे सिद्ध करायची जबाबदारी, जो तसं म्हणतो त्याच्यावर, म्हणजे कंपनीवर आहे. श्रीराम चिट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे स्पष्ट केलं. बिलावर जीएसटी नंबर आहे म्हणून तुम्ही आपोआप बाद, असंही कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. समोरचा वकील त्या नंबरकडे बोट दाखवणार, हे मात्र धरून चाला.

एक बारीक खाच सांगतो. २०१९ च्या कायद्यातलं ते स्पष्टीकरण "वस्तू" या शब्दात आहे, सेवेचा उल्लेख त्यात नाही. प्लॅन ही सेवा आहे. त्यामुळे तक्रार लिहिताना लॅपटॉप आणि त्यासोबत त्याच दुकानात विकलेला प्लॅन हा एकच व्यवहार म्हणून मांडा. प्लॅन विम्याचा असेल तर २०२३ चा हर्सोलिया मोटर्सचा निकाल सोबतीला आहे: विमा हा नुकसान भरून काढण्यासाठी घेतात, त्यातून थेट नफा कमावण्यासाठी नाही, म्हणून व्यापारी संस्थाही विमा कंपनीविरुद्ध ग्राहक ठरू शकते.

पुरावा आधी, दुरुस्ती नंतर

सर्व्हिस सेंटरला मशीन देताना जॉब शीटवर काय लिहितात ते वाचल्याशिवाय सही करू नका. "मल्टिपल स्क्रॅचेस, बॉडी बेंट" असं काहीबाही लिहिलेलं असतं आणि नंतर तेच तुमच्या विरुद्ध उभं राहतं. पटत नसेल तर सहीशेजारी "मान्य नाही" असं पेनाने लिहा. देण्याआधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, सिरीयल नंबर दिसला पाहिजे. डेटाचा बॅकअप घ्या, ग्राहकांचे आधार आणि फोटो त्यात असतात.

पावसाळ्यात आपल्याकडे "लिक्विड डॅमेज" हे कारण हमखास येतं. बऱ्याच मशीनमध्ये आत एक छोटं स्टिकर असतं, पाणी लागलं की त्याचा रंग बदलतो. "आत पाणी गेलंय" असं सांगितलं की त्या स्टिकरचा आणि बोर्डचा फोटो मागा, फोटोत तुमचा सिरीयल नंबर यायला हवा.

रागाच्या भरात बाहेरच्या कारागिराकडून मशीन उघडून घेऊ नका. कंपनीचा शेवटचा लेखी नकार आल्यावर, मूळ अवस्थेचे फोटो काढून, मग जाणकार माणसाकडून लेटरहेडवर मत घ्या आणि बदललेला सुटा भाग टाकून देऊ नका. काम अडलंय हे मला कळतं. ताईंनी त्या काळात भाच्याचा जुना लॅपटॉप आणला होता, पत्रिकेची एक फाइल उघडायला चार मिनिटं घेणारा.

मेलला उत्तर आलं नाही तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ही कोर्ट नाही, त्यांच्याकडे आदेश द्यायचा अधिकार नाही, पण ते तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर पोहोचवतात आणि लहान रकमेची बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. माझा अनुभव तरी असाच आहे. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

प्लॅन विम्याचा असेल तर विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, आणि विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर तक्रार नोंदवा. एक महिना झाला तरी उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, आणि एकल मालकीचे व सूक्ष्म उद्योगही तिथे जाऊ शकतात. अट अशी की अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं, आणि त्याच विषयावर आयोगात किंवा कोर्टात केस चालू नसली पाहिजे. म्हणजे आधी लोकपाल, मग गरज पडली तर आयोग. घाईत उलटं केलंत तर लोकपालाचा रस्ता बंद होतो.

शेवटी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. लोकांना वाटतं कंपनी गुरुग्रामची, म्हणजे तिकडे जावं लागेल. नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे नाशिकमध्येच, आणि कंपनीने इथे येऊन उत्तर द्यायचं. वस्तू-सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. ऑनलाइन दाखल करायला १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे. स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. दुकानदार, प्लॅन चालवणारी कंपनी आणि विमा कंपनी, सगळ्यांनाच सामनेवाले करा, नाहीतर "तो मी नव्हेच" सुरू होतं.

मागण्या लिहिताना एक चूक मी दोन-तीन जणांकडून पाहिलीय. दुरुस्तीचा खर्च, तो नाही तर प्लॅनची रक्कम परत, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च, हे ठीक. पण जोशात येऊन "माझा महिन्याचा दोन लाखांचा व्यवसाय बुडाला" असं लिहिलंत, की तुम्ही स्वतःच समोरच्याच्या हातात "व्यापारी हेतू"चा मुद्दा दिलात. जे खरं आहे तेच लिहा: मी स्वतः काम करतो, घर यावर चालतं.

कायद्यात वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागत नसेल तर ३ महिन्यांत, लागत असेल तर ५ महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो हे गृहीत धरा. दोन-तीन हजारांच्या क्लेमसाठी मी हेल्पलाइनवर थांबेन. १६,५०० साठी मात्र आयोगात जाईन.

ताईंना जावं लागलं नाही. त्यांच्या मेलला नवव्या दिवशी उत्तर आलं, कलम नंबरासकट. कलम काढून वाचलं तर त्यात "व्यावसायिक वापर" हे शब्दच नव्हते, "भाड्याने देण्यासाठी वापर" असं होतं. ताईंनी लॅपटॉप कधी कोणाला भाड्याने दिलाच नव्हता. हेच दोन ओळींत परत लिहिलं, सोबत १९१५ चा तक्रार क्रमांक जोडला. आठवड्याने क्लेम मंजूर, प्रोसेसिंगचे १,५०० कापून. लॅपटॉप हातात आला तेव्हा क्लेम टाकल्याला ४१ दिवस झाले होते आणि लग्नसराई संपली होती. ते १,५०० कोणत्या कलमाखाली कापले, हे विचारणारा मेल ताईंनी मला न विचारताच पाठवला.